सड्स सेव्हर म्हणजे कमी पाण्याचं मशीन नव्हे

जुनं अमेरिकन टॉप-लोड मशीन कुणी दुरुस्तीला घेतलं आणि पॅनेलवर 'सड्स सेव्हर' ही अक्षरं दिसली, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "बघा, त्या काळीसुद्धा कमी पाण्यात धुणारी मशीनं होती!" मग हा गृहस्थ स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पाण्याची पातळी ठरवणाऱ्या प्रेशर स्विचचा स्क्रू फिरवत बसतो, मशीनने आणखी कमी पाणी घ्यावं म्हणून. आणि मागच्या, पाणी बाहेर सोडणाऱ्या दोन पाइपांपैकी एकाला बूच मारतो, कारण 'दोन कशाला हवेत?' म्हणजे जे बिघडलं नव्हतं ते बिघडवलं, आणि ज्यासाठी ते मशीन जपायचं तेच बंद करून टाकलं.

कमी पाण्याचं मशीन काय करतं, हे आता घरोघरी माहीत आहे. ते मुळातच पाणी कमी घेतं. आडवा ड्रम असेल तर कपडे तळाशी असलेल्या थोड्याशा पाण्यात वरून आपटत राहतात. उभा टब असेल तर खालची चकती कपड्यांचा ढीग घुसळते. एका घाण्याला साधारण 55 ते 75 लिटर. फेस कमी करणारी पावडर लागते, कारण तो धुऊन काढायला पाणीच नसतं. एवढं पुरे.

सड्स सेव्हरमध्ये यातलं काहीच नाही. ते मशीन पाणी घेताना अजिबात हात आखडत नाही. मधोमध कपडे घुसळणारा पात्यांचा उंच दांडा, म्हणजे अ‍ॅजिटेटर, टब भरून 60-65 लिटर पाणी, त्यात साबण. धुवून झालं की पुन्हा तेवढंच पाणी घेऊन विसळणं, शिवाय पिळताना वरून फवारे. सगळं मिळून एका घाण्याला 150 लिटरच्या आसपास. मग वाचतं काय? धुतल्यावर उरलेलं साबणाचं कोमट पाणी. पंप ते गटारात सोडण्याऐवजी शेजारच्या हौदात साठवतो आणि पुढच्या घाण्याला तेच परत मशीनमध्ये खेचून आणतो.

म्हणजे नवं मशीन पाणी मोजून घेतं, आणि सड्स सेव्हर घेतलेलं पाणी दोनदा वापरतं. वाचवण्याची जागाच वेगळी आहे. नव्या मशीनमध्ये ती टबच्या आत आहे, तर सड्स सेव्हरमध्ये मशीनच्या बाहेर, त्या हौदात. हौद हा मशीनचाच एक भाग आहे, फक्त तो कारखान्यातून येत नसे. घराच्या तळघरात सिमेंटचा जोडहौद आधीपासून असायचा. एका कप्प्याला बूच लावायचं, तो साबणाच्या पाण्याचा. दुसरा उघडा, त्यात विसळलेलं पाणी जाऊन वाहून जायचं. दोन पाइप आहेत ते एवढ्यासाठी. आत विजेवर चालणारी एक झडप असते, ती पाणी कुठल्या पाइपाने सोडायचं ते ठरवते.

आपल्याकडे ज्यांच्या घरी सेमी-ऑटोमॅटिक होतं किंवा आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागू नये. आधी पांढरे कपडे, मग रंगीत, मग घरातले मळके, आणि शेवटी त्याच पाण्यात पायपुसणी. आईने कपडे हाताने उचलून पिळायच्या भांड्यात टाकले, पाणी धुण्याच्या टबात तसंच राहिलं. झालं सड्स सेव्हिंग. अमेरिकेत मशीन पूर्ण ऑटोमॅटिक झालं, धुणं-विसळणं-पिळणं एकाच टबात आलं, आणि त्यामुळे ते पाणी ठेवायला जागाच उरली नाही. म्हणून हा बाहेरच्या हौदाचा उपद्व्याप. सीअर्स या अमेरिकन दुकानसाखळीच्या केनमोअर मशीनवर त्याला सड्स सेव्हर म्हणत, व्हर्लपूलवर 'सड्स-मायझर'. दोन्ही मशीनं बनवणारी कंपनी एकच, मिशिगनमधली व्हर्लपूल.

आता हिशोब करून बघा. दुसऱ्या घाण्याला धुण्याचं पाणी जुनंच, वरून दहाएक लिटर ताजं गरम. विसळायला मात्र पूर्ण ताजं पाणी. म्हणजे दोन घाण्यांना 300 ऐवजी 250 लिटर. नव्या मशीनसमोर हा आकडा फारच किरकोळ आहे, आणि 'आमचं जुनं मशीन नव्याइतकंच पाणी वाचवतं' असं छातीठोक सांगणाऱ्यांनी एकदा बादल्या मोजाव्यात. पण वाचलेले 50 लिटर हे तापवलेले आणि साबण घातलेले 50 लिटर आहेत. गरम पाण्याची टाकी लहान, घराला विहिरीचं पाणी, सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये, आणि धुण्याच्या दिवशी, सोमवारी, पाच-सहा घाणे. अशा घरासाठी हे यंत्र होतं. त्यात पाण्यापेक्षा इंधन आणि साबण जास्त वाचायचा. पुढे घरांतून जोडहौद गेले, भिंतीत एक उभा निचऱ्याचा पाइप आला, आणि साठवायची सोयच संपली.

पातळी कमी करण्याचा तो स्क्रू कृपा करून सोडा. अ‍ॅजिटेटरच्या मशीनमध्ये कपडे पाण्यात तरंगत वर-खाली फिरले पाहिजेत. पाणी कमी केलंत तर ते अ‍ॅजिटेटरच्या पात्यांना गुंडाळले जातात, ताणले जातात, आणि सगळा भार गिअरवर येतो. कपडे कमी असतील तर पॅनेलवर पातळीचं बटण असतंच, ते वापरा. काही जुन्या मशीनांवर त्या बटणालाच 'वॉटर सेव्हर' म्हटलेलं असतं, त्यावरूनही घोळ होतो. त्याचा सड्स सेव्हरशी संबंध नाही.

'सड्स' म्हणजे फेस असं धरून जास्त पावडर टाकणारेही भेटतात. इथे सड्स म्हणजे साबणाचं पाणी. फेस फार झाला तर पिळताना टब अडखळतो, आणि हौदातून मशीनमध्ये पाण्याऐवजी फेसच येतो.

माझी पहिली चूकही सांगतो. मी दोन्ही पाइप भिंतीतल्या त्या एकाच निचऱ्याच्या पाइपात खुपसले होते. मशीन उत्तम धुवायचं, पिळायचं, पाणी काढायचं. डायल 'सड्स रिटर्न'वर आणला की नुसता घरघराट. मी पंप उघडला, झडप उघडली, दोन रविवार घालवले. पंप बिचारा हवा ओढत होता. परत आणायला पाणी होतंच कुठे?

नंतर बाजारातला प्लास्टिकचा मोठा हौद आणून ठेवला, तरी पाणी अर्धवटच येई. या वेळी दोष पाइपाचा होता. पाणी बाहेर ढकलताना जुन्या रबराची बारीक चीर एखादा थेंब गाळते, कुणाच्या लक्षात येत नाही. तेच पाणी उलट ओढताना त्या चिरेतून हवा शिरते आणि पंपाची पकड सुटते. म्हणून सड्सचा पाइप दिसायला कितीही धड असला तरी बदला, दोन्ही टोकांचे क्लॅम्प नवे घाला. हौदातलं टोक तळाला टेकू देऊ नका. दोन बोटं वर ठेवा, म्हणजे खाली बसलेला गाळ आणि वाळू परत कपड्यांत येणार नाही. आणि साठवलेलं पाणी त्याच दिवशी संपवा. रात्रभर ठेवलेल्या पाण्याचा वास सकाळी जिन्यापर्यंत येतो.

अमेरिकेतून परतताना असं मशीन भारतात नेऊ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: ट्रान्सफॉर्मर 230 चे 120 व्होल्ट करून देईल, पण 50 हर्ट्झचे 60 करणार नाही. मोटर सुमारे सहाव्या हिश्शाने मंद फिरेल आणि जास्त तापेल, मोटरवर चालणारा टायमरही तितकाच मागे पडेल.

विकत घेताना मी रंग, क्रोम, गंज यांकडे शेवटी बघतो. आधी मशीन भिंतीपासून ओढून मागे जातो. पाणी सोडणाऱ्या पाइपांच्या दोन तोट्या आहेत का, दुसरीत कुणी बूच ठोकलंय का, आणि झडपेच्या कॉइलच्या तारा जागेवर आहेत की कुणी 'नको होत्या' म्हणून कापल्या आहेत, ते बघतो. तारा कापलेल्या असतील, तर विकणाऱ्याशी भाव करायला तिथून सुरुवात करतो.