पॅरोलवरून उशिरा परतल्यास सुटका कधी? (अर्ज टाइप करून घ्यायला येणाऱ्या नातेवाइकांसाठी)

"अटक 10 जून 2016 ला झाली, तेव्हापासून आतच आहे, शिक्षा दहा वर्षं. मग 9 जून 2026 ला सुटायला हवा ना?" हा हिशेब घेऊन बरेच जण येतात आणि त्यावरच अर्ज मागतात. तसा अर्ज आम्ही टाइप करत नाही, याचा काहींना राग येतो. पण चुकीच्या तारखेचा अर्ज कोल्हापूरच्या कळंबा तुरुंगातून परत आला, की आंबा घाटाची दुसरी फेरी तुमच्याच माथी बसते.

खटला चालू असताना आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, ते तुम्ही बरोबर धरता. राहून जातात त्या मधल्या रजा. फर्लो म्हणजे संचित रजा. वेळेवर हजर झालं तर ती शिक्षेत धरतात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, ती धरत नाहीत. तेवढे दिवस पुढे भरावे लागतात. आपल्या शेजारच्या गोव्यातले कैदी याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जन्मठेपेच्या कैद्याला मुदतीआधी सुटण्यासाठी लागणाऱ्या 14 वर्षांच्या प्रत्यक्ष कैदेत पॅरोल धरता येणार नाही, असा निकाल जानेवारी 2023 मध्ये लागला.

मुदत संपल्यावर बाहेर राहिलेले दिवसही शिक्षेत धरत नाहीत. वरच्या माणसाने 30 दिवसांचा पॅरोल घेतला आणि 45 दिवस उशीर केला, तर माफी (चांगल्या वागणुकीसाठी, कामासाठी शिक्षेतून कमी होणारे दिवस) न धरता त्याची तारीख 23 ऑगस्ट 2026 वर जाते. उशीर झाला म्हणून आधी कमावलेली माफी कापली जाते ती वेगळीच. शिवाय गुन्हा नोंदवला जाऊ शकतो (पूर्वी भादंवि 224, आता न्याय संहिता 262), आणि त्याची शिक्षा मूळ शिक्षेच्या वर.

गणपतीत हे फार घडतं. मुदतवाढीचा अर्ज दिला म्हणजे विसर्जनापर्यंत थांबायची परवानगी मिळाली, असं मुळीच समजू नका. मंजुरीचा आदेश हातात नसेल तर ठरल्या दिवशी हजर व्हायला सांगा.

येताना प्रत्येक रजेची सुटल्याची आणि परत हजर झाल्याची तारीख आणा. भेटीला जाल तेव्हा विचारून कागदावर उतरवून घ्या. तारखा असल्या तर हिशेबाचा तक्ता आम्ही अर्जासोबत जोडून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. माफी चुकीची कापली असं वाटत असेल तर वकील गाठा. आम्ही वकील नाही. खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कैद्याला मोफत वकील देतं, तो अर्जही इथे करून मिळेल.