रुळाचा तुकडा आणि पोतंभर कोळसा

रस्त्याकडेला पाल ठोकून काम करणाऱ्या घिसाडी कुटुंबाचा सगळा कारखाना चार हातांच्या जागेत मावतो. जमिनीत रोवलेली ऐरण, भाता किंवा हाताने फिरवायचा ब्लोअर, दोन-तीन सांडश्या, हातोडा आणि घण. पुरुष सांडशीने लोखंड फिरवतो, घण बहुतेकदा बाई मारते. एवढ्यावर विळे, खुरपी, कुऱ्हाडी तयार होतात. छंद म्हणून लोहारकाम सुरू करणाऱ्याने खरेदीची यादी करण्याआधी हे नीट बघावं. काम वस्तुमान आणि उष्णता करतात, हत्यारांची संख्या नाही.

सुरुवात ऐरणीपासून. १ किलोचा हातोडा ५ किलोच्या सुट्या ठोकळ्यावर मारला, तर घावाच्या ऊर्जेचा साधारण सहावा हिस्सा ठोकळा हलवण्यातच जातो. ठोकळा २७ किलोचा असेल तर फक्त अठ्ठाविसावा. म्हणून जड वस्तू हवी, ऐरणीच्या आकाराची नसली तरी चालेल. स्वस्तात मिळणाऱ्या शिंगवाल्या छोट्या ऐरणी पुष्कळदा बिडाच्या असतात. त्यांच्या कडा तुटतात. पारख सोपी आहे. बेअरिंगची गोळी २५ सेंमीवरून सोडा. ती १८-२० सेंमी परत उसळली तर पृष्ठभाग कडक आहे, ६-८ सेंमीवर मेली तर सोडून द्या.

सगळ्यात सोयीचा पर्याय म्हणजे रुळाचा तुकडा. मीटरला ६० किलोच्या रुळाचा ४५ सेंमी तुकडा २७ किलो भरतो. मात्र रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं हा १९६६च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा भंगारवाल्याकडून पावती घेतल्याशिवाय तुकडा घरी आणू नका. आणि तो आडवा ठेवू नका. आडव्या रुळाच्या डोक्याखाली पातळ पोट असतं, खाली पोकळी. घाव पडला की तो लवतो आणि कान किटवणारा आवाज करतो. उभा रोवला की सगळं वजन घावाच्या थेट खाली येतं. वर ठोकायला जागा जेमतेम ७ सेंमी रुंद मिळते, पण हातोड्याचं तोंड तरी कुठे त्याहून मोठं असतं? बाभळीच्या ओंडक्यात घट्ट बसवा. उभं राहून काम करणार असाल, तर हात सरळ सोडल्यावर मुठीचे सांधे जिथे येतात, तेवढी उंची ठेवा. त्याहून उंच झाली की खांदे दुखतात, खाली गेली की कंबर.

हातोडा ८०० ग्रॅम ते १ किलोचा पुरे. नव्या हातोड्याच्या तोंडाच्या कडा आधी ग्राइंडरने गोलसर करा. धारदार कडेने तापल्या लोखंडावर चंद्रकोरीसारखे खळगे पडतात, पुढच्या घावांनी ते मिटल्यासारखे दिसतात, आणि चीर तिथेच राहते.

भट्टीसाठी लाकडी खोकं आणि माती पुरते. काळी माती नको. ती वाळताना आक्रसते, भेगाळते. कुंभाराची किंवा वारुळाची माती वाळू मिसळून ठोकून भरा. मधोमध १० सेंमी रुंद, १२ सेंमी खोल चर ठेवा. एका बाजूने इंचभर व्यासाचा काळा लोखंडी पाइप तळापासून ५ सेंमी वर आत आणा. जीआय (जस्त चढवलेला) पाइप किंवा जस्ताचा मुलामा असलेलं काहीच आगीत घालू नका: जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि त्याच्या धुराने फ्लूसारखा ताप भरतो. हवेला हेअर ड्रायर चालतो, तोही कमी वेगावर. जास्त हवेने कोळसा नुसता उडतो.

लोणारी कोळसा लिंबाएवढे तुकडे करून भरा. त्यात दगडी कोळशातलं गंधक नसतं, फक्त तो भराभर संपतो. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे सळई पाइपच्या तोंडाशी खुपसणं. तिथे प्राणवायू शिल्लक असतो, त्यामुळे लोखंड तापण्याऐवजी खवले धरून झिजतं. सळई आडवी ठेवा, तिच्या खाली-वर ८-१० सेंमी निखारे असू द्या. भट्टी मोकळ्या हवेत, पण सावलीत हवी. उन्हात लाल तापलेलं लोखंडही काळं भासतं.

रंग वाचणं हीच खरी विद्या. ७५०-८०० अंशांना चेरीसारखा लाल, ९५०च्या आसपास नारिंगी, ११०० अंशांना पिवळा. ११००च्या आसपास साध्या लोखंडाची ताकद थंड असतानाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी उरते. ठोकायचं ते पिवळ्यापासून नारिंगीपर्यंत. नारिंगी मावळून लाल झालं की पुन्हा आगीत. पिवळी कांब चेरी-लाल कांबेपेक्षा अडीचपटीहून अधिक वेगाने उष्णता किरणांवाटे टाकते, म्हणून १० मिमी सळईवर १०-१५ सेकंदच मिळतात. पांढरी होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या आल्या तर पोलाद जळतंय. तेवढं टोक कापून टाका.

पहिल्या दिवशी सांडशी लागतच नाही. १० मिमीचा चौकोनी बार ७० सेंमी लांब घ्या. लोखंड तांब्याच्या आठव्या हिश्शाएवढीच उष्णता वाहून नेतं, त्यामुळे दुसरं टोक बराच वेळ हातात धरता येतं. खिडक्यांच्या ग्रिल करणाऱ्याकडचे उरलेले तुकडे उत्तम. बांधकामाची टीएमटी सळई नको. तिची साल आणि गाभा वेगवेगळा वागतो. आकडा (हूक) करताना टोक निमुळतं करायचं ते आधी चौकोनी, मग अष्टकोनी, शेवटी गोल. गोल सळई गोल फिरवतच बारीक केली की गाभा ताणला जाऊन आतून फाटतो.

सुती कपडे, डोळ्यांवर चष्मा, हातोड्याच्या हातात मोजा नाही. ४०० अंशांचं लोखंड काळंच दिसतं. उचलण्याआधी पंज्याची मागची बाजू जवळ नेऊन धग बघा.

आकडे जमले की छिन्नी करून बघा, ट्रकच्या जुन्या पाट्यातून, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीतून. त्यात सुमारे ०.६ टक्के कार्बन असतो, म्हणूनच तो पाणी धरतो, म्हणजे तापवून बुडवला की कडक होतो. धारेकडचे ३ सेंमीच चुंबक चिकटेनासं होईपर्यंत आणि त्याहून किंचित जास्त तापवा, मग ५०-६० अंशांच्या तेलात बुडवा. तेल पत्र्याच्या डब्यात, झाकण हाताशी. साध्या पाण्यात हे पोलाद तडकू शकतं. धारेवरून कानस नुसती घसरली, तर कडकपणा आला. आता ती काचेइतकी ठिसूळ आहे. घासून चकचकीत करा, मागच्या बाजूने मंद धग द्या. पिवळसर, तपकिरी, मग जांभळा रंग धारेपर्यंत सरकला की थांबवा. हातोडा पडतो ते टोक मऊच ठेवा, नाहीतर कपचे उडतात. पाट्याचा मधल्या बोल्टजवळचा भाग टाळा. वर्षानुवर्षे ओझं पेलून तिथे न दिसणारे तडे असतात. तेलात बुडवताना बारीक ‘टिक्’ ऐकू आलं, तर ती छिन्नी गेली.