'भाव असला की झालं, विधी-शास्त्र काही लागत नाही' असं गीतेत आहे का?

'देव भावाचा भुकेला, पूजा मनाला येईल तशी करा, गीतेतच सांगितलंय' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. मलाही तो बरीच वर्षं खराच वाटायचा, कारण त्यातलं अर्धं खरं आहेच. आधार दिला जातो ९व्या अध्यायातल्या २६व्या श्लोकाचा, पत्रं पुष्पं फलं तोयं. पण नीट वाचा, तिथे पान, फूल, फळ, पाणी भक्तीने दिलं तर मी स्वीकारतो एवढंच आहे, म्हणजे महागडं काही नको, तुळशीचं पान आणि पळीभर पाणीही पुरे. विधी सोडा असं त्यात कुठेही नाही.

उलट १६व्या अध्यायाचा २३वा श्लोक बघा, शास्त्रविधी सोडून मनाला येईल तसं वागणाऱ्याला सिद्धी, सुख, परमगती काहीच मिळत नाही असं स्पष्ट आहे. मग अर्जुनालाही आपल्यासारखाच प्रश्न पडतो, विधी सोडला पण श्रद्धा आहे, त्यांचं काय? १७वा अध्याय सुरूच तिथून होतो, आणि त्यातल्या १३व्या श्लोकात विधी नसलेला, श्रद्धा नसलेला यज्ञ तामस म्हटलाय, म्हणजे दोन्ही पाहिजेत.

घरातली कुठलीही मराठी अर्थाची गीता काढा आणि हे तीन श्लोक सलग वाचा, पाच मिनिटं लागतात.