शुगर उतरली की पॅनिक अटॅक?

एकादशीला सकाळी मधुमेहाची गोळी घेतली, अकरापर्यंत पोटात फक्त चहा, आणि आजींना दरदरून घाम फुटला. हात थरथरतायत, छाती धडधडतेय. सून म्हणते शुगर उतरली, मुलगा म्हणतो उगाच टेन्शन घेतलंय. असा गोंधळ होणारच, कारण रक्तातली साखर घसरली की शरीर ॲड्रेनालिन सोडतं आणि पॅनिक अटॅकमध्येही, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यातही, तेच सुटतं. घाम, थरथर, धडधड दोन्हीकडे सारखीच.

फरक पुढे दिसतो. शुगर उतरलेल्या माणसाला बहुधा कडकडून भूक लागते. मेंदूचं मुख्य इंधन ग्लुकोज. ते कमी पडलं की जीभ जड होते, साधा प्रश्न उमगत नाही, शांत माणूस विनाकारण खेकसतो. गोड पोटात गेलं नाही तर अवस्था बिघडतच जाते. पॅनिकमध्ये माणूस प्रचंड घाबरलेला असतो, ‘आता मी मरणार’ असंच वाटतं, पण विचारलेलं त्याला नीट कळतं. श्वास पुरत नाही म्हणून तो भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. साधारण दहा मिनिटांत भीती शिगेला पोहोचते आणि मग आपोआप ओसरू लागते.

फसगत होते ती इथेच. पॅनिकमध्ये कुणी साखरपाणी दिलं आणि पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटलं, की श्रेय साखरेला जातं. मग पर्समध्ये कायम चॉकलेट, आणि मूळ भीतीवर उपचार नाहीत. उलटी चूक मात्र जिवावर बेतू शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेणाऱ्याची उतरलेली शुगर ‘टेन्शन’ म्हणून सोडून दिली, तर फिट येऊ शकते, शुद्ध हरपू शकते.

म्हणून त्याच क्षणी ग्लुकोमीटर लावा. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये केलेली तपासणी याचं उत्तर देत नाही. आकडा ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. मशीन हाताशी नसेल आणि माणूस मधुमेही असेल, तर वाट न पाहता गोड द्या. पेढा नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. व्होग्लिबोज ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर साधी साखर पचायला वेळ लागतो, तिथे ग्लुकोजच हवं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आणखी एक: रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना धडधड, थरथर जाणवेलच असं नाही. त्यांच्या घामाकडे लक्ष ठेवा.

मधुमेह नसलेल्यांची शुगर खरोखर इतकी खाली जाणं विरळाच. त्यांच्यात मीटरवर ९० दिसतं आणि तरी हात कापतात. साखरेने पॅनिक अटॅक येतो असं मी म्हणणार नाही. पण जेवणाच्या वेळा चुकवणं, रिकाम्या पोटी चहावर चहा हे मला जास्त खटकतं. कॅफिनने धडधड वाढते, आणि ज्यांना पॅनिकचा त्रास आहे त्यांच्यात ते झटका ओढवूनही आणू शकतं. नुसत्या चहा-बिस्किटाऐवजी उसळ-पोळी किंवा अंडं खाल्लं तर रक्तातली साखर एकदम चढत-उतरत नाही. आठवडाभर चहा हळूहळू कमी करून फरक पडतो का ते बघा.

छातीत दुखत असेल किंवा असा त्रास पहिल्यांदाच होत असेल, तर घरी अंदाज बांधत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढा. सगळं नॉर्मल येऊनही झटके येतच राहिले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. पॅनिकवर समुपदेशनाचा आणि औषधांचा चांगला उपयोग होतो. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर सरकारच्या टेलीमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.