खर्जाच्या तारेतली कॉर्ड

तानपुऱ्याला गंधाराची तार नसते. पहिली तार पंचमाची, मधली जोडी षड्जाची आणि शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या सप्तकातल्या षड्जाची, अशी नेहमीची जुळणी. तरीही तानपुरा नीट लागला, जवारी (तारेचा झंकार) खुलली, की शुद्ध गंधार स्पष्ट ऐकू येतो. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पाश्चात्त्य संगीतातली स्वरांतरं, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), ट्रायड (तीन सुरांची कॉर्ड) हे सगळं परकं वाटणाऱ्यांनी माझ्या मते याच गंधारापासून सुरुवात करावी. कारण मेजर कॉर्ड म्हणजे सा-ग-प, आणि हे तिन्ही सूर खर्जाच्या एकट्या तारेत हजर असतात.

ते कसे, हे आकड्यांत पाहू. हिशेब सोपा व्हावा म्हणून खर्ज १०० हर्ट्झचा धरू. तार छेडली की ती अख्खी सेकंदाला १०० वेळा कंप पावते, पण त्याच वेळी तिचे दोन भाग २०० वेळा, तीन भाग ३०० वेळा, असे कंप पावत असतात. या वरच्या कंपनांना उपस्वर म्हणतात. २०० वर मध्य षड्ज येतो, ३०० वर पंचम, ४०० वर तार षड्ज, ५०० वर त्याचा गंधार आणि ६०० वर पुन्हा पंचम. शेवटचे तीन आकडे पाहा: ४००, ५००, ६००, म्हणजे ४:५:६. शुद्ध मेजर कॉर्डचं प्रमाण नेमकं हेच.

उपस्वर बहुतेक सगळ्याच तारांमध्ये असतात. तानपुऱ्यात ते इतके ठळक होतात ते घोडीमुळे, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्यामुळे. घोडीचा पृष्ठभाग सपाट, किंचित उतरता असतो आणि तारेखाली दोरा सरकवून तार त्या पृष्ठभागाला कुठे नि किती चाटेल हे ठरवतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. तार जिथे छेडली, तिथे ज्या उपस्वरांचे स्थिर बिंदू येतात ते उपस्वर उमटू नयेत, असा नियम आहे. तानपुरा तो नियम पाळत नाही, आणि त्याचं कारण ही घोडी. तानपुरा लावताना दोरा केसभर सरकवणारे हात हेच काम करत असतात.

आता पेटी पुढे घ्या. एका सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून १२ पट्ट्या. दोन सुरांमध्ये किती पट्ट्यांचं अंतर आहे ते मोजलं की झालं स्वरांतर. सा ते कोमल रे एक पट्टी, सा ते कोमल ग तीन, शुद्ध ग चार, म पाच, प सात. पाश्चात्त्य नावं हवी असतील तर तीनला मायनर थर्ड, चारला मेजर थर्ड, पाचला परफेक्ट फोर्थ आणि सातला परफेक्ट फिफ्थ म्हणतात. ती पाठ करण्यापेक्षा प्रत्येक अंतर वाजवून ऐकावं. सा-प आणि सा-म या जोड्यांचं महत्त्व आपल्याकडे जुनंच आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात ज्या सुरांमध्ये नऊ किंवा तेरा श्रुतींचं (श्रुती म्हणजे सप्तकाच्या बावीस सूक्ष्म भागांपैकी एक) अंतर असतं ते एकमेकांचे संवादी मानले आहेत, आणि ही अंतरं म्हणजे षड्ज-मध्यम आणि षड्ज-पंचमच.

सा-प गोड आणि सा-कोमल रे बोचरं, असं का? जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ सालच्या ग्रंथात याचं उत्तर उपस्वरांत शोधलं. अगदी जवळचे दोन सूर एकत्र वाजले की आवाज कमी-जास्त होत राहतो, त्याची आंदोलनं ऐकू येतात. ती संथ असली तर कानाला त्रास होत नाही. सेकंदाला तीसच्या आसपास गेली की सर्वाधिक खरखर होते, असं त्यांचं निरीक्षण होतं. सा आणि प यांचे कितीतरी उपस्वर एकमेकांवर बसतात, त्यामुळे भांडायला फारसं कुणी उरत नाही. सा आणि कोमल रे यांचे मूळ सूरही भिडतात आणि उपस्वरही. गोडवा पूर्णपणे यानेच ठरतो असं नाही, सवय आणि संस्कारही असतातच. पण पाया मात्र हा आहे.

पेटीवर हे प्रत्यक्ष ऐकता येतं. सा २४० हर्ट्झचा असेल तर शुद्ध प्रमाणातला पंचम ३६० चा हवा. आजच्या पेटीचा असतो सुमारे ३५९.६. सा आणि प एकत्र धरून ठेवले तर सेकंदाला एखादं आंदोलनही पुरतं होत नाही. गंधाराचं मात्र तसं नाही. तो हवा ३०० चा आणि पेटीवर मिळतो जवळपास ३०२.४ चा. म्हणजे सा-चा पाचपट उपस्वर १२०० वर आणि ग-चा चौपट सुमारे १२०९.५ वर. सा-ग धरून भाता सारखा ठेवा, सेकंदाला नऊ-साडेनऊ आंदोलनांची थरथर कानावर येईल. सप्तकाचे बारा अगदी समान भाग केल्याची ही किंमत आहे. त्या बदल्यात कोणतीही पट्टी सा मानून सगळं तसंच वाजवता येतं, ही सोयही मोठी. पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही आणि तिचे सूर ठरीव, अशा आक्षेपांमुळे १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली, ती तीसेक वर्षं टिकली. तानपुऱ्याजवळ बसून पेटीचा गंधार ऐकला की त्या आक्षेपातला खरा भाग कळतो.

तीन सूर एकाआड एक घेऊन रचले की ट्रायड तयार होते: सा, रे सोडून ग, म सोडून प. आधी चार पट्ट्या, मग तीन, तर मेजर. तेच उलट, आधी तीन मग चार, तर मायनर: सा, कोमल ग, प. दोन्हींत सा आणि प जागचे हलत नाहीत, फरक फक्त मधल्या सुराचा, तोही एका पट्टीचा. तेवढ्यानं सगळा रंग बदलतो! मायनरचं प्रमाण १०:१२:१५ आहे, मेजरपेक्षा गुंतागुंतीचं. तीन-तीन पट्ट्यांची डिमिनिश्ड आणि चार-चारची ऑगमेंटेड, या उरलेल्या दोन. त्यांत पंचमच जागेवर नसल्यानं त्या अस्थिर वाटतात.

बिलावलच्या सात शुद्ध सुरांवर अशा सात ट्रायड उभ्या राहतात. त्यांतल्या सा, म आणि प यांवरच्या तिन्ही मेजर. सा-ग-प, म-ध-सां, प-नी-रें (टिंब वरच्या सप्तकाचं): या तिघींत सातही शुद्ध सूर आले. म्हणून गिटार शिकणारा तीन कॉर्डवर कितीतरी साधी गाणी निभावून नेतो. पंचमाच्या कॉर्डमध्ये वर मध्यम मिसळला की ती सेव्हन्थ होते. तिच्यातल्या नी आणि म यांच्यात सहा पट्ट्यांचं अवघडलेलं अंतर असतं. नी एक पट्टी वर सा-कडे आणि म एक पट्टी खाली ग-कडे झुकतो, आणि दोघं पोचले की आपण सा-च्या कॉर्डवर घरी आलेले असतो. पाश्चात्त्य सुरावटीतला ‘आता समेवर आलो’ असा भाव पुष्कळदा इथून येतो.

हे ज्ञान हिंदी चित्रपटसंगीतात आणण्यात गोव्याच्या वादकांचा वाटा फार मोठा आहे. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) आणि व्हायोलिन शिकवलं जाई. तिथून मुंबईत आलेल्यांपैकी माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि शंकर-जयकिशन यांचं वाद्यवृंद-संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा ही नावं मराठी रसिकांच्या तोंडी अजून हवी तितकी नाहीत, याची मला खंत वाटते. संगीतकाराची चाल एका ओळीची. तिच्याखाली कोणत्या कॉर्ड जातील, व्हायोलिनच्या ताफ्याला काय द्यायचं, हे संयोजक कागदावर उतरवत.

रागाधारित चाल असेल तर खरी कसोटी लागते. भूप घ्या: सा रे ग प ध. या पाच सुरांत बसणाऱ्या मेजर-मायनर ट्रायड दोनच, सा-ग-प आणि ध-सां-गं. तिसरी घेतलीत की म किंवा नी आलाच आणि भूप गेला. मालकंसात तर पंचमच वर्ज्य, त्यामुळे षड्जावर नेहमीची कॉर्ड उभीच राहत नाही. तिथेही दोनच मिळतात: म-कोमल ध-सां ही मायनर आणि कोमल ध-सां-कोमल गं ही मेजर. गिटारवाला सवयीनं सा-ची मायनर धरतो तेव्हा तिच्यातला पंचम रागात घुसतो, आणि गायकाच्या कपाळाला आठी पडते. त्यानं सा आणि म एवढंच धरावं. मालकंसासाठी तानपुऱ्याची पहिली तारही मध्यमाला लावतात.