‘साऊथ पार्क’चा टॉवर डिफेन्स : पार्श्वभूमी

७ ऑक्टोबर २००९ ला ‘साऊथ पार्क लेट्स गो टॉवर डिफेन्स प्ले!’ हा गेम एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवर आला. दुकानात मांडायला त्याचा खोका नव्हता की डिस्क नव्हती. कन्सोलवरूनच विकत घ्यायचा आणि हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायचा. ठाण्यात आमच्या ओळखीत तो ज्या दोन घरांत अजून चालतो, त्या दोघांनीही तो तेव्हाच घेतलेला आहे.

‘साऊथ पार्क’ ही चार मुलांची अमेरिकन कार्टून मालिका; तिची जास्त ओळख करून देत बसत नाही. गेमच्या बाजूने एवढंच लक्षात ठेवायचं की, बर्फाचा गोळा हे या मुलांचं जुनं हत्यार आहे. १९९८ साली निन्टेन्डो ६४ वर आलेल्या त्यांच्या पहिल्या गेममध्येही तेच हाती होतं. पुढे प्रश्नमंजूषेचा एक आणि गाड्यांच्या शर्यतीचा एक असे दोन गेम आले, आणि मग जवळजवळ दहा वर्षं कन्सोलवर काहीच नाही. २००९ च्या गेममध्ये मालिकेच्या स्वतःच्या डिजिटल विभागाचा हात होता, त्यामुळे मालिकेतल्या मुलांची, कागदाची कात्रणं हलवावीत तशी ती चाल गेममध्ये जशीच्या तशी उतरली.

आता ‘टॉवर डिफेन्स’ या नावाकडे येऊ, कारण खरा गुंता तिथे आहे. लाटांमागून लाटा येणारे शत्रू वाटेवर अडवायचे, ही कल्पना जुनी. १९९० च्या ‘रॅम्पार्ट’ या गेममध्ये तोफांनी पडलेल्या भिंती घाईघाईने बुजवाव्या लागत. २००२ साली आलेल्या ‘वॉरक्राफ्ट ३’ या गेमच्या खेळाडूंनी स्वतःचे नकाशे, म्हणजे खेळायची मैदानं, बनवून हा प्रकार घडवला, आणि ‘टीडी’ (टॉवर डिफेन्स) ही अक्षरं त्या नकाशांच्या नावांनाच चिकटलेली असत. २००७ च्या जानेवारीत ‘फ्लॅश एलिमेंट टीडी’ आणि मार्चमध्ये ‘डेस्कटॉप टॉवर डिफेन्स’ ब्राउझरवर आले. ठाणे स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून आम्ही हा दुसरा गेम खेळायचो. एकाने माऊस धरायचा आणि मागे उभ्या असलेल्या तिघांनी ‘अरे तिकडनं बंद कर’ म्हणून ओरडायचं.

ओरडणं नेहमी ‘बंद कर’चं असायचं, ‘मार’चं नाही. पडद्यावरच्या मोकळ्या टेबलावर टॉवर, म्हणजे मारा करणारे बुरुज, अशा बेताने ठेवायचे की शत्रूला सरळ जाताच येऊ नये, लांबचा वळसा पडावा आणि त्या वळशात त्याने जास्तीत जास्त मार खावा. गड फिरलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. रायगडाचा महादरवाजा समोरून दिसतच नाही. दोन बुरुजांच्या मधून वळत गेलं की तो अचानक पुढ्यात येतो, आणि तोवर येणारा माणूस दोन्ही बाजूंनी माऱ्यात सापडलेला असतो. गोमुखी बांधणी ती हीच. नाव बुरुजाचं झालं, पण काम वाट करते. माझ्या मते या सगळ्या खेळप्रकाराचं नाव इथेच चुकलं आहे.

आणि या चुकलेल्या नावावरही मालकी सांगितली गेली. जून २००७ मध्ये मोबाइल गेम बनवणाऱ्या एका कोरियन कंपनीने ‘टॉवर डिफेन्स’ हे शब्द अमेरिकेत ट्रेडमार्क म्हणून नोंदवण्यासाठी अर्ज केला, आणि जून २००८ मध्ये तो मंजूर झाला. २०१० च्या सुरुवातीला आयफोनसाठी गेम बनवणाऱ्या छोट्या मंडळींना नाव बदलण्याच्या सूचना येऊ लागल्या. वर्णनात हे शब्द इंग्रजीत मोठ्या आद्याक्षरांनी लिहिले तर गेम नाकारला जाण्याचा इशारा ॲपलच्या ॲप स्टोअरकडून मिळे. लहान अक्षरांत लिहिले तर चाले, कारण मग तो खेळाचा प्रकार ठरे. कंपनीच्या बाजूने एवढं म्हणता येईल की नोंदणी रीतसर होती. पण नकाशे बनवणाऱ्या पोरांनी फुकट वाटलेलं, हजारोंच्या तोंडी रुळलेलं नाव नंतर आलेल्या एकाच्या नावावर चढावं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

साऊथ पार्कच्या गेमने हे नाव थेट शीर्षकातच घेतलं, पण आत नियम बराच मोडला. इथे वरून बघत बसायचं नाही. मुलं स्वतः मैदानात पळतात, पडलेली नाणी वेचतात, गोळे फेकतात आणि पळता पळताच भिंती आणि टॉवर उभारतात. शत्रूंपैकी लाल केसांची मुलं एका बाजूने आणि हिप्पी दुसऱ्या बाजूने आले की शांतपणे विचार करायला उसंतच मिळत नाही. हा टॉवर डिफेन्स नाहीच, असं म्हणणारे तेव्हाही होते. पण चौघं मिळून खेळलात तर वेगळं दिसतं. एकजण नाणी वेचतो, दोघं गोळे मारतात आणि चौथा भिंतीची वीट न् वीट सांभाळतो. एका दिवाळीत आमच्या सोसायटीच्या आवारात पोरं किल्ला करत होती. अळीव पेरून झाला होता, मावळे बुरुजांवर चढले होते, आणि धाकट्याने पायथ्यापासूनची वाट बोटाने सरळ ओढली. ‘वाकडी कर रे, सरळ आला तर थेट वर पोचेल,’ मोठी बहीण म्हणाली. भिंत सांभाळणारा चौथा गडी गेमभर नेमकं तेच करत असतो.

त्यानंतर फार वेगाने बरंच घडलं. २०१२ ला त्याच कन्सोलवर उड्या मारत पुढे जायचा एक गेम आला. २०१४ आणि २०१७ च्या मोठ्या कथाप्रधान गेमनी मालिकेला गेमच्या जगात नाव मिळवून दिलं, आणि २०१७ लाच मोबाइलवर पत्त्यांचाही गेम आला. मार्च २०२४ मधला ‘स्नो डे!’ पुन्हा चार मुलांचा आणि बर्फाचा होता, पण त्यात लढाई होती, वाट अडवणं नव्हतं. इकडे ब्राउझरमधले ते गेम ज्यावर चालत त्या फ्लॅश या सॉफ्टवेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि सायबर कॅफेतले ते गेम ब्राउझरमधून गेले. २९ जुलै २०२४ ला एक्सबॉक्स ३६० वरचं दुकानही बंद झालं. वर्तकनगरातल्या मित्राच्या कन्सोलचा पंखा आता खडखडतो, म्हणून तो दर लेव्हलनंतर दहा मिनिटं मशीन बंद ठेवतो आणि वर हात लावून गार झालंय का ते बघतो.