शिंपला विरघळला, पोकळी उरली

छत्तीसगडमधलं मनेंद्रगड हा दगडी कोळशाचा मुलूख. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. तरी हसदेव नदीला हसिया नाला मिळतो तिथल्या खडकांत समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म आहेत. एस. के. घोष यांनी ते १९५४ मध्ये शोधले. वय सुमारे २८ कोटी वर्षं. वरचा कोळसा ज्या झाडांचा झाला, ती अजून उगवायची होती.

शिंपले म्हणायचे खरे, पण मूळ कवच बहुतेक ठिकाणी उरलेलंच नाही. ते चुनखडीच्याच द्रव्याचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं. जमिनीत मुरणाऱ्या आम्लधर्मी पाण्यात विरघळून गेलं, आणि राहिले गाळाचे दोन साचे : एक कवचाच्या आत भरलेला, एक बाहेरून बसलेला. इथेच घोटाळा होतो. युरीडेस्मा या शिंपल्याचं कवच बिजागरीपाशी फार जाड असतं, त्यामुळे आतला साचा बाहेरच्यापेक्षा लहान आणि वेगळ्याच आकाराचा दिसतो. दोन्ही सुटे सापडले तर एकाच प्राण्याच्या दोन जाती ठरायला वेळ लागत नाही. वर गाळाच्या ओझ्याने साचा दबून तिरपा झालेला असेल, तर आकारावर विसंबणंच धोक्याचं.

मग करायचं काय? बाहेरच्या साच्यात पातळ रबर ओततात. ते घट्ट झालं की अलगद सोलून काढायचं. हरवलेल्या कवचाचा पृष्ठभाग वाढीच्या रेषांसकट हातात येतो. मला यातली सर्वांत आवडती पायरी पुढची आहे. नवसागर तापवून त्याच्या धुराचा पांढरा थर नमुन्यावर बसवतात. हो, कल्हईवाल्याकडचाच नवसागर. दगडाचे डाग, रंग सगळे झाकले जातात, आणि बाजूने तिरपा प्रकाश टाकला की पुसट रेघसुद्धा सावलीनं उठून दिसते. एवढं करूनही खूण पुरेशी नसेल, तर अभ्यासक जातीचं नाव ठामपणे देत नाहीत, 'अमुकसारखी' एवढंच लिहितात. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

कारण या नावावर बरंच काही अवलंबून आहे. युरीडेस्मा थंड पाण्यातला प्राणी. तो ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत, पाकिस्तानच्या सॉल्ट रेंजमध्येही मिळतो. म्हणजे गोंडवनावरचा, हे सगळे भूभाग एकत्र असलेल्या प्राचीन महाखंडावरचा, बर्फ वितळताना त्याच्या किनाऱ्यांवर पसरलेला. त्याच हिमयुगाचे ओरखडे आपल्या चंद्रपूरकडच्या चुनखडकावरही आहेत.

मध्य प्रदेशातल्या उमरियाच्या कोळसाक्षेत्रातही असाच समुद्री थर आहे, १९२१ मध्ये सापडलेला. तिथे मात्र ब्रॅकिओपॉडांची, म्हणजे शिंपल्यांसारख्याच दिसणाऱ्या पण वेगळ्या गटातल्या दोन झडपांच्या समुद्री प्राण्यांची दाटी. हे पाणी आत आलं कुठून? काही जण पश्चिमेकडून, नर्मदेच्या खोऱ्यातून म्हणतात, काही ईशान्येकडून. वाद अजून चालू आहे.